कॅम्पर व्हॅनमधील फ्रिजच्या सदोष वायुवीजनाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : फ्रिजच्या कपाटाचे काम आपल्या खर्चाने नव्याने करून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीने बांधून दिलेल्या, प्रवासात राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या कॅम्पर व्हॅनमधला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळा लागल्यापासून पुरेसा थंड होत नाही. आपल्या सेवा केंद्राने आधी थर्मोस्टॅट बदलला, नंतर गॅस भरला आणि आता ‘नागपूरच्या उन्हात एवढे चालायचेच’ असे लेखी कळवले आहे. हे उत्तर मला मान्य नाही. फ्रिज ठीक आहे. तो ज्या कपाटात बसवला आहे ते कपाट चुकीचे बांधलेले आहे.

फ्रिज आतली उष्णता खेचून मागच्या कंडेन्सरवाटे बाहेर टाकतो, आणि कंडेन्सरभोवतीची तापलेली हवा निघून जाऊन तिच्या जागी थंड हवा आली तरच पुढची उष्णता टाकता येते. आपल्या कारागिरांनी फ्रिजच्या तिन्ही बाजूंना आणि वर प्लायवूड घट्ट बसवले आहे, कंडेन्सरमागे जेमतेम बोटभर जागा सोडली आहे, आणि हवेसाठी म्हणून दरवाजाखाली एकच छोटी जाळी दिली आहे. गरम हवा वर चढते, पण वर तिला वाटच नसल्याने ती तिथेच कोंडते आणि कंडेन्सर स्वतःचीच ऊब पुन्हा पुन्हा घेत राहतो. ताडोब्याला मोहर्लीजवळ गाडी सावलीत उभी असताना बाहेर ४१ अंश सेल्सिअस होते, फ्रिजमागच्या पोकळीत ५८ आणि फ्रिजच्या आत १४. वरची फळी काढून ठेवल्यावर, बाकी काहीही न बदलता, संध्याकाळपर्यंत आतले तापमान ६ अंशांवर आले. एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

या फ्रिजवर ‘टी’ हा हवामान वर्ग छापलेला आहे, म्हणजे तो भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेला आहे. विदर्भात मे महिन्यात पारा त्याच्याही पुढे जातो, हे नागपूरच्या ग्राहकाला गाडी विकणाऱ्याला ठाऊक असायला हवे. जिथे बाहेरचीच हवा मर्यादेला टेकलेली असते, तिथे कपाटाने आणखी पंधरा-सतरा अंशांची भर घालणे म्हणजे फ्रिजला काम करूच न देणे. माझ्या वडिलांचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवावे लागते. ते या फ्रिजमध्ये ठेवण्याचे धाडस मला होत नाही, आणि प्रवासात बर्फाची पेटी सोबत न्यावी लागते. शिवाय कॉम्प्रेसर थांबतच नसल्याने पहाटेपर्यंत बॅटरी उतरते.

बॅटरीचा विषय निघालाच आहे, तर वायरिंगकडेही पाहावे. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सुमारे सहा मीटर अंतर आहे आणि आपण १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली आहे. जाऊन-येऊन बारा मीटर तांब्याच्या वायरीत पाच अँपिअरला जवळजवळ ०.७ व्होल्ट वाया जातात, त्यामुळे बॅटरीत चार्ज शिल्लक असतानाच फ्रिज कमी व्होल्टेजमुळे बंद पडतो. इथे ६ चौरस मिलिमीटरची वायर हवी.

माझी मागणी अशी आहे. कपाटाच्या तळाशी हवा आत येण्यासाठी आणि अगदी वरच्या टोकाला ती बाहेर जाण्यासाठी, फ्रिजच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रत्येकी किमान २०० चौरस सेंटीमीटरची मोकळी वाट द्यावी. बारीक जाळी लावल्यास तिने अडवलेली जागा वजा करून हे माप धरावे. वरची वाट गाडीच्या बाहेर उघडावी, कारण तीच हवा आत सोडली तर आमची झोपायची जागा तापेल. बाहेरच्या झडपा खाली झुकलेल्या असाव्यात, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही. कंडेन्सरच्या वर तिरकी पट्टी बसवावी, जेणेकरून खालून आलेली हवा कंडेन्सरला लागूनच वर जाईल, आणि फ्रिजच्या कडा व कपाट यांमधल्या फटी फोमने बुजवाव्यात. वरच्या वाटेवर ठरावीक तापमानाला आपोआप सुरू होणारा १२ व्होल्टचा पंखा लावावा. पंखा एकटाच लावून हे काम उरकू नये. हवेला वाट नसेल तर तो कोंडलेली हवाच फिरवत बसेल.

गाडीची बाहेरची भिंत कापावी लागणार असल्याने, काम सुरू करण्यापूर्वी मापांसह आराखडा मला पाठवावा आणि या कापण्यामुळे गाडीची वॉरंटी बाधित होणार नाही असे लेखी द्यावे. काम झाल्यावर गाडी भर दुपारी उन्हात उभी करून, फ्रिजच्या आतले आणि मागचे तापमान माझ्यासमोर मोजून दाखवावे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कामाची तारीख न कळवल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार दाखल करावी लागेल. तापमानाच्या नोंदी, फळी काढण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि आपल्या सेवा केंद्राचे पत्र सोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, नागपूर