पेटी चिडकी निघाली तर आधी कारण शोधा, मग राणी बदला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मधमाशीपालनावर अधूनमधून लेख येतात आणि मी ते आवडीने वाचतो, पण त्यातल्या बऱ्याच लेखांत एक वाक्य ठरलेलं असतं, "मधमाशी उगाच कुणाला चावत नाही, आपण शांत राहिलं की तीही शांत". हे अर्धंच खरं आहे हो. नवा माणूस हे वाचून पेटी आणतो, त्याच्या वाट्याला नेमकी तिरसट वसाहत येते, आणि मग जो भेटेल तो त्यालाच सांगतो की तू घाबरतोस म्हणून त्या चावतात, हात थरथरतात म्हणून चावतात. बिचारा वर्षभर डंख खातो आणि शेवटी पेट्या विकून मोकळा होतो. काही वसाहती मुळातच चिडक्या असतात, तुम्ही कितीही साधू झालात तरी, आणि हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं म्हणून हे पत्र.

चिडकी म्हणजे नेमकी किती, ते आधी सांगतो. झाकण उघडल्यावर चार माश्या बुरख्यावर येऊन आपटल्या तर ते नॉर्मल आहे, पहारेकरी माश्यांचं कामच ते. पण झाकणाला हात लावायच्या आधीच अंगावर येणं, हातमोज्यांत नांग्याच नांग्या रुतणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटी बंद करून लांब गेलं तरी पाठ न सोडणं, ही लक्षणं बघा. पाठलाग करणारी वसाहत मला तरी सगळ्यात धोक्याची वाटते, कारण तिचा त्रास पेटीवाल्याला कमी आणि बुरखा नसलेल्या शेजाऱ्याला जास्त होतो.

आता लगेच राणीला दोष देऊ नका. एरवी शांत असलेली पेटी अचानक बिघडली असेल तर कारण बहुतेक तात्पुरतं असतं. फुलोरा संपला, बाहेर मकरंद नाही, की माश्या आहे तो मध राखायला बसतात आणि चिडतात. त्यात शेजारच्या पेटीतल्या माश्या चोरी करायला आल्या तर विचारूच नका. राणी मेली किंवा हरवली असेल तरी वसाहत बिथरते, झाकण उघडल्यावर एक वेगळाच कण्हल्यासारखा आवाज येतो आणि पोळ्यात अंडी दिसत नाहीत. रात्री एखादा प्राणी पेटी खरवडत असेल, मुंग्या किंवा गांधीलमाश्या त्रास देत असतील, तेही बघून घ्या. ढगाळ हवेत, वादळ यायच्या आधी, संध्याकाळी, पेटी उघडूच नये कारण तेव्हा सगळ्या वयस्क माश्या घरी असतात आणि चावण्यात त्याच पुढे. ऊन पडलेलं, वारा कमी, माश्या कामावर गेलेल्या, ही वेळ बरी.

आणि कपडे धुवा! हे कुणी सांगत नाही. माशी चावते तेव्हा नांगीपाशी एक वास सुटतो, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन त्यात मुख्य, वास पिकलेल्या केळ्यासारखा. हा वास म्हणजे बाकीच्यांना "इथे चावा" असा निरोप. मागच्या वेळचे डंख हातमोज्यांवर तसेच असतील तर तुम्ही तो निरोप अंगावर घेऊनच पेटीपाशी जाता. स्मोकरचा, म्हणजे भात्याच्या धूरडब्याचा, धूर हाच वास दाबतो, शिवाय धुरामुळे माश्या मध पोटात भरायला लागतात आणि जरा नरम पडतात. धूर आधी दारात द्यायचा, मिनिटभर थांबायचं, मग झाकण. थंड आणि पांढरा धूर हवा, ठिणग्या उडणारा गरम धूर दिला तर उलट जास्त खवळतात.

हे सगळं करून, दोन-चार वेळा चांगल्या हवेत बघूनही पेटी तशीच असेल तर मात्र दोष रक्ताचा आहे. कामकरी माश्या सगळ्या राणीच्या लेकी, आणि राणी उडताना दहा-वीस नरांशी संग करते, त्या नरांपैकी काही तिखट वंशाचे असले की तो गुण पेटीत उतरतो. म्हणून उपाय एकच, राणी बदलायची, आणि नवी राणी शांत वसाहतीतूनच आणायची. जुनी मारून "पेटी स्वतःच नवी राणी करेल" म्हणून सोडून दिलं तर ती नवी त्याच रक्ताची आणि आसपासच्या त्याच नरांशी जुळणार, मग काय फरक पडला?

चिडक्या पेटीत राणी शोधणं हेच अवघड. त्याला एक जुनी युक्ती आहे. भर दुपारी, माश्या जोरात उडत असताना, पेटी उचलून थोडी लांब ठेवायची आणि मूळ जागी एक रिकामी पेटी ठेवायची, त्यात एखादी पिल्लांची चौकट. बाहेर गेलेल्या वयस्क, चावऱ्या माश्या सवयीने जुन्या जागी परततात आणि लांबच्या पेटीत उरतात त्या बहुतेक तरुण, मऊ स्वभावाच्या. मग राणी निवांत सापडते, ती काढून टाकायची. नवी राणी पिंजरीतून द्यायची, पिंजरीच्या तोंडाला साखरेचा गोळा, तो खाऊन माश्या तिला बाहेर काढेपर्यंत तिचा वास पेटीत मुरतो. आठवडाभर पेटीला हात लावू नका, पण त्यानंतर शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरं दिसली तर मोडून टाका, नाहीतर जुनीची लेक गादीवर बसेल. मोठी तापट वसाहत परकी राणी पटकन स्वीकारत नाही, म्हणून मी आधी छोट्या वसाहतीत राणी रुळवतो आणि मग दोन्ही पेट्या एकावर एक ठेवून मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतो, दोन-तीन बारीक चिरा पाडून. माश्या कागद कुरतडेपर्यंत वास एक होतात. आपला अंक त्या कामाला उत्तम आहे, रागावू नका!

फरक लगेच दिसत नाही. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला २१ दिवस, आणि हंगामात ती जगते साधारण सहा आठवडे, त्यामुळे जुन्या लेकी संपून नव्या येईपर्यंत दीड-दोन महिने धीर धरावा लागतो. तोवर पेटी माणसांच्या वाटेपासून लांब, समोर उंच कुंपण किंवा झुडपं, म्हणजे माश्या वर उडून जातात.

वंशाचा प्रश्न एका पेटीपुरता नसतो. १९५६ साली वॉरविक केर या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतून तापट वंशाच्या राण्या ब्राझीलला आणल्या, पुढच्या वर्षी २६ झुंडी निसटल्या आणि त्यांचा वंश दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून थेट अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिण भागापर्यंत पसरला. आपली एक चिडकी पेटी म्हणजे तेवढी गोष्ट नाही, मान्य, पण तिचे नर आसपासच्या सगळ्या राण्यांना मिळतात, म्हणजे आपण शेजारच्या मधपाळाचाही स्वभाव बिघडवतो (म्हणजे त्याच्या माश्यांचा!).

शेवटी डंखाचं. नांगी नखाने खरवडा किंवा चिमटीत धरून काढा, पद्धतीवरून वाद घालण्यापेक्षा ती लगेच काढा, कारण विषाची पिशवी सुटल्यावरही पंप करत राहते. हात सुजला तर ते साधं आहे, पण श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, डंख नसलेल्या जागी अंगभर गांधी, यातलं काही झालं तर घरगुती लेप लावत बसू नका, थेट दवाखाना, तिथे अ‍ॅड्रेनॅलीनचं इंजेक्शन लागतं. माश्या अंगावर आल्या तर हात झटकू नका, चेहरा झाकून पळा आणि बंद घरात किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघत राहतात. एकटं पेटी उघडू नये, निदान सुरुवातीला तरी.

पुढच्या वेळी मधमाशीपालनावर लेख छापाल तेव्हा मधाच्या उत्पन्नासोबत राणी बदलण्याची आणि अ‍ॅलर्जीची माहितीही ठळक द्यावी, आणि "शांत राहा" हा सल्ला द्यायचाच असेल तर शांत वंशाची राणी कुठून घ्यायची तेही लिहावं, एवढी विनंती.

आपला,
एक मधपाळ वाचक