ताई, ‘रनस्लो’ अजून चालू आहे

प्रिय ताई,

ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, तुम्हाला ताई म्हणणारी मी एकटीच होते. तुम्ही नोकरी सोडलीत त्या दिवशी केकच्या गडबडीत आभार मानायचे राहून गेले. ते आता मानते, आणि सगळ्यांसमोर मानते, कारण माझ्यासारखा घोळ घालणारं आणखी कुणी तरी असणारच.

आमच्या वीजबिलांच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालायला पाऊण तास लागायचा. त्यातल्या खऱ्या डेटाबेसला हात लावणाऱ्या मोजक्या टेस्टच बहुतेक वेळ खायच्या. मी काय करायचे, तर सकाळी त्या कॉमेंट करायच्या, म्हणजे चालणार नाहीत अशा करून ठेवायच्या, आणि संध्याकाळी आठवणीनं पुन्हा उघडायच्या. एका शुक्रवारी आठवण राहिली नाही आणि फाइल तशीच कमिट झाली, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडमध्ये नोंदली गेली. सोमवारी तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात. आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. तुम्ही एवढंच विचारलंत, “हे पायटेस्टलाच सांगता येणार नाही का?”

पायटेस्ट म्हणजे पायथॉनच्या टेस्ट चालवणारं साधन. त्यात आपल्या मनाचा ऑप्शन, म्हणजे कमांडला जोडायची सूचना, घालता येतो, हे मला दोन वर्षं वापरूनही माहीत नव्हतं. कॉन्फटेस्ट या पायटेस्ट आपणहून वाचतं त्या फाइलमध्ये ‘पायटेस्ट अ‍ॅडऑप्शन’ नावाचं फंक्शन लिहायचं. ते नाव पाहूनच पायटेस्ट ते आपणहून बोलावतं. त्यात आपण ‘रनस्लो’ घातला. मग दुसरं फंक्शन, टेस्ट गोळा झाल्यावर चालणारं: ऑप्शन दिला नसेल तर ‘स्लो’ खूण असलेल्या टेस्टना स्किप लावायचं. जेमतेम वीस ओळी. त्यातली एकही तुम्ही टाइप केली नाहीत. त्या वेळी मला त्याचा रागच आला होता, आज खरं सांगून टाकते.

लांबलचक ऑप्शन कोण टाइप करणार, म्हणून मी आगाऊपणे एका अक्षराचा छोटा ‘एस’ घालून पाहिला. तुम्ही करू दिलंत. पायटेस्टनं तोंडावर सांगितलं की छोट्या लिपीतले एकाक्षरी ऑप्शन राखीव आहेत. ‘एस’चा अर्थ तर आधीच ठरलेला होता: टेस्टमधलं प्रिंट न अडवता स्क्रीनवर येऊ दे. तुम्ही म्हणालात, “भाड्याच्या घरात खिळे कुठे मारायचे ते मालकाला विचारावं.”

पण खरी फजिती पुढे होती. कॉन्फटेस्ट मी बिलिंगच्या फोल्डरात ठेवली. त्या फोल्डरातून चालवलं की सगळं ठीक, प्रोजेक्टच्या मुळातून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरातून, चालवलं की ‘हा ऑप्शन ओळखीचा नाही’. अर्धा दिवस मी स्पेलिंग तपासत बसले. तुम्ही मला एरर मोठ्यानं वाचायला लावलात आणि विचारलंत, “हा ऑप्शन वाचतंय कोण, आणि केव्हा?” तेव्हा उलगडा झाला. पायटेस्ट कमांडलाइन अगदी सुरुवातीला वाचतं, आतल्या फोल्डरांत टेस्ट शोधायला जातं ते नंतर. तोवर माझी फाइल त्यानं पाहिलेलीच नसते. फाइल मुळाशी हलवली आणि काम झालं.

हेल्पमध्ये ‘कस्टम ऑप्शन्स’ या मथळ्याखाली आपली ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून घरी पाठवला होता. आईनं विचारलं, पगार वाढला का.

तुम्ही गेल्यावर तीच फाइल आणखी दोन प्रोजेक्टांत कॉपी झाली आणि तिन्हीकडे थोडी थोडी बदलत गेली. मग मी तिचं वेगळं पॅकेज केलं. पॅकेजची माहिती लिहायच्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये ‘पायटेस्ट११’ या गटाखाली मॉड्यूलचं नाव नोंदवलं की पिपनं (पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनानं) इन्स्टॉल केल्यावर पायटेस्ट ते स्वतःच उचलतं, कॉन्फटेस्टला हात लावावा लागत नाही. कुणाला नको असेल तर ‘पी’ ऑप्शनपुढे ‘नो’, कोलन आणि प्लगइनचं नाव. ‘स्लो’ ही खूणही तिथेच नोंदवली आणि स्ट्रिक्ट मार्कर्स चालू केलं, म्हणजे नोंद नसलेली खूण दिसली की पायटेस्ट एरर देतं. त्या दिवशी एका टेस्टवर ‘स्लो’चं स्पेलिंग चुकलेलं सापडलं. ती बिचारी रोज सगळ्यांचा वेळ खात होती.

एका बाबतीत तुमचं ऐकलेलं नाही. ऑप्शन नेहमी कमांडमध्येच दिसावा, लपवू नये, असं तुमचं म्हणणं. पण रात्री टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरची स्क्रिप्ट दुसऱ्या टीमकडे आहे, एक ओळ बदलायची तर तिकीट टाकून आठवडा थांबा. म्हणून ‘रनस्लो’ मी ‘पायटेस्ट अ‍ॅडऑप्ट्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कमांडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमध्ये, घातलाय. चालतंय, पण नवीन आलेल्या मुलाला रात्रीच्या आणि दिवसाच्या टेस्टची संख्या वेगळी का, हे कळायला दोन दिवस लागले.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. पुण्यात आलात की जेवायला या, तेव्हा भांडू.

तुमची,
शेजारच्या खुर्चीवरची