नोंदणी नाही म्हणून नाव आमचं नाही?

महोदय,

कालच्या अंकातला व्यापारचिन्हांवरचा, म्हणजे ट्रेडमार्कवरचा, लेख वाचला. लहान दुकानदारांनी वेळेवर नोंदणी केली नाही, आता तक्रार करून काय उपयोग, असा त्याचा एकूण सूर. रात्रभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहिते आहे.

पुण्याच्या 'बर्गर किंग'चा विषय लेखकांनी दोन ओळींत उरकला. ते हॉटेल १९९२ च्या सुमाराचं. अमेरिकी कंपनीची इथली नोंदणी त्याआधीची असली, तरी तिने भारतात दुकान उघडलं २०१४ मध्ये. कंपनीचा दावा २०११ चा आणि जिल्हा न्यायालयाचा निकाल २०२४ चा. तेरा वर्षं! निकाल पुण्याच्या बाजूने लागला, तरी प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलंच. नाव आधीपासून सलग वापरणाऱ्याला व्यापारचिन्ह कायद्याचं कलम ३४ संरक्षण देतं, हे लेखात कुठेही नाही. ते वाचून कितीतरी जणांना धीर आला असता.

आमचा कांदा-लसूण मसाला सासूबाईंनी १९८८ साली सांगलीच्या गावभागात सुरू केला. आजही मिरची डंकावरच कुटतो. आमच्या नावात शेवटी 'ळ' आहे. चार वर्षांपूर्वी एकाने तेच नाव 'ल' लावून घेतलं. वाचताना फरक कळतो, पण रोमन अक्षरांत दोन्ही सारखीच, आणि 'डॉट कॉम' त्याने आधीच घेऊन ठेवलेलं. नाव इथे लिहीत नाही, वाद चालू आहे.

गेल्या पावसाळ्यात नागपूरहून एका बाईंचा फोन आला. पाकिटात मसाल्याचा दगड झाला होता, वर पांढरी बुरशी. तुमच्या साइटवरून मागवला म्हणाल्या. पाकीट आमचं नव्हतं, बोलणी मात्र मी खाल्ली. सासूबाई शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

'डॉट कॉम'साठी विपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, तक्रार करायची तर एका पंचाची फी १५०० डॉलर. समोरच्याने ते नाव हजारभर रुपयांत घेतलं असेल. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' या वेबसाइटशी एका अक्षराने वेगळं असलेलं 'रॅडिफ' अडवलं, आणि डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या नावालाही, व्यापारचिन्हाचेच नियम लागतात हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगून ठेवलं. कायदा आहे. त्याच्या दारापर्यंत जायला आमच्याकडे पैसे नाहीत.

वकील म्हणाले, जुनी बिलं आणा. बिलबुकं २०१९ च्या महापुरात गेली. माळ्यावर ठेवली होती, पाणी तिथेही चढलं. कागदाचा लगदा आम्ही घमेल्याने बाहेर काढला. याला आमचा हलगर्जीपणा म्हणायचं का, हे लेखकांनी सांगावं. शेवटी व्हॉट्सॲपवर जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं, तेव्हा जयसिंगपूरच्या एका आजींनी १९९४ ची पावती पाठवली. पाककृतींच्या वहीत राहून गेली होती. तेलाचा डाग पडलाय, पण सासूबाईंची सही आणि शिक्क्यातला 'ळ' स्वच्छ दिसतो. आमचा सगळा दावा आज त्या एका कागदावर उभा आहे.

आणखी एक. आपल्या दिवाळी पुरवणीत घरगुती मसाल्यांची यादी आली होती. तीत पत्ता आमचा होता, पण नाव 'ल' लावून छापलं होतं आणि खाली वेबसाइट त्यांची. मी कार्यालयात दोनदा फोन केला, 'बघतो' म्हणाले. समोरच्याने ते कात्रण आता स्वतःच्या कागदपत्रांत जोडलं आहे. कृपया दुरुस्ती छापावी, आणि छापण्याआधी 'ळ' आहे ना, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहावं.

– एक मसाला व्यावसायिक, सांगली
(नाव आणि पत्ता सोबत पाठवला आहे, छापू नये.)