अणुकचऱ्याच्या कायमच्या जागेचे काय?

मा. संपादक,

अणुऊर्जेच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा स्फोटाच्या भीतीपाशीच अडकते. वास्तविक अणुभट्टी बंद केल्यावरही इंधनातील किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे उष्णता निर्माण होतच राहते. बंद केल्या क्षणी ती पूर्ण औष्णिक क्षमतेच्या ६ ते ७ टक्के असते. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथील चालू भट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. पण तळघरांत ठेवलेली आणीबाणीची बहुतेक डिझेल जनित्रे त्सुनामीच्या पाण्यात बुडाली, इंधन थंड ठेवणे अशक्य झाले आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. घात झाला तो जनित्रांच्या जागेने!

वापरलेले इंधन, म्हणजेच मुख्य अणुकचरा, आधी काही वर्षे पाण्याच्या खोल कुंडात निववावे लागते, मग ते पोलाद-काँक्रीटच्या जाड पिंपांत हलवता येते. ही पिंपे भक्कम असतात हे मान्य, परंतु ती साठवण झाली, विल्हेवाट नव्हे. या इंधनातील किरणोत्सर्गी द्रव्यांपैकी सीझियम-१३७ चे अर्धायुष्य (निम्मे द्रव्य क्षय पावण्यास लागणारा काळ) सुमारे ३० वर्षांचे, तर प्लुटोनियम-२३९ चे २४ हजार वर्षांहून अधिक. फिनलंडने ओंकालो येथे ४०० मीटरहून खोल खडकात, तांब्याच्या डब्यांभोवती बेंटोनाइट माती ठासून हे इंधन पुरण्याची सोय उभारली आहे.

कोळशाच्या धुराचे बळी पाहता मी अणुऊर्जेचा विरोधक नाही (मित्रमंडळीत यावरून वाद होतात, ते असो). मात्र नव्या प्रकल्पाला मंजुरी देतानाच कचऱ्याची अंतिम जागा, तिचा खर्च आणि देखरेखीची जबाबदारी लेखी जाहीर करण्याची सक्ती असावी, आणि तपासणी करणारी यंत्रणा प्रकल्प चालवणाऱ्यांच्या हाताखाली नसावी.

– एक वाचक