रोजकीर्द माळ्यावर होती म्हणून

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "चांगली नोकरी सोडून तू नक्की शिकवतेस तरी काय?" मी "कॉम्प्युटर" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मात्र चुटपुट लागली. उभा जन्म सोसायटीच्या वह्या सांभाळलेल्या माणसाला हे समजणार नाही असं मी का धरून चालले? तुम्हालाच तर ते सगळ्यात आधी समजेल.

माझ्या वर्गात सध्या चौदा जण आहेत. कुणी सहकारी बँकेतून आलंय, दोघं साखर कारखान्यातले, एक मुलगी इस्पितळातली. सगळे डेटाबेस सांभाळतात, म्हणजे संस्थेच्या सगळ्या वह्या. आजवर ते विंडोजवर काम करत होते, आता त्यांच्या संस्था लिनक्सवर चालल्यात. लिनक्स म्हणजे 1991 मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली, विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. तिची घडण सगळ्यांसाठी खुली आहे. कुणीही उघडून वाचावी, सुधारावी. 1998 मध्ये ओरॅकल या कंपनीने आपला डेटाबेस तिच्यावर आणला, आणि 2017 मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेही. माझ्या विद्यार्थ्यांना डेटाबेस चांगला येतो, पण तो ज्या जमिनीवर उभा आहे ती त्यांच्या ओळखीची नाही. ती ओळख करून देणं हे माझं काम.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोनच शब्द लिहिते: रोजकीर्द (व्यवहार घडतील तसे रोज लिहायची वही) आणि खतावणी (तेच व्यवहार खात्यांनुसार मांडायची वही). डेटाबेस अगदी तुमच्यासारखाच वागतो, बाबा. व्यवहार झाला की आधी तो रोजकीर्दीत उतरतो (आमच्याकडे तिला लॉग म्हणतात), ती नोंद डिस्कवर पक्की झाली की मगच समोरच्याला "झालं" असं कळवलं जातं. खतावणीत सावकाश, सवडीने चढवायचं. मधेच वीज गेली तरी रोजकीर्द वाचून खतावणी पुन्हा जुळवता येते. 2005 च्या पुरात सोसायटीत पाणी शिरलं, खतावण्यांचा लगदा झाला, आणि तुम्ही माळ्यावरची रोजकीर्द काढून सव्वा महिना बसून सगळी खाती पुन्हा उभी केलीत. रोजकीर्द आणि खतावणी एका कपाटात ठेवू नये, हे तुमचं वाक्य मी दर बॅचला सांगते. आम्ही फक्त कपाटाऐवजी डिस्क म्हणतो.

आता एक गोष्ट, जी तेव्हा सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाडव्याला माझा फोन आला नाही म्हणून आई, तू रुसली होतीस. आदल्या रात्री दोन वाजता डिस्कवर जागा मोकळी करायच्या नादात एका सहकाऱ्याच्या हातून चालू डेटाबेसची एक मोठी फाइल पुसली गेली. ड्यूटीवर मी होते. घाबरून मी डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला, आणि तिथेच घात झाला. लिनक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी एखाद्या प्रक्रियेने (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने) ती उघडी धरली असेल, तर आतला मजकूर डिस्कवर तसाच असतो. डेटाबेसने ती धरलेलीच होती. मी काही बंद न करता त्या प्रक्रियेच्या हातातून तिची नक्कल काढून घेतली असती, तर बरंचसं निभावलं असतं. बंद केल्याबरोबर तो हात सुटला आणि फाइल खरोखर गेली. जुना बॅकअप आणून त्यावर लॉग चढवत चढवत सगळं जाग्यावर यायला अकरा तास लागले. एकही नोंद हरवली नाही, कारण लॉग वेगळ्या डिस्कवर होते. पण त्या अकरा तासांत लोकांची कामं अडून राहिली, ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. मला डेटाबेस येत होता. त्याच्याखालचं काही कुणी शिकवलंच नव्हतं. नोकरी मी त्यासाठी सोडली.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी वर्गात मुद्दाम एक फाइल पुसते आणि हाताची घडी घालून उभी राहते. बहुतेकांचा हात आधी बंद-चालू करण्याकडेच जातो. परवा त्या इस्पितळातल्या मुलीने मात्र शेजाऱ्याचा हात धरला आणि म्हणाली, "थांबा, आधी कुणी धरलंय ते बघू." मला इतकं बरं वाटलं!

आई, तुझ्यासाठीही एक उदाहरण आहे. डेटाबेसला 64 जीबी मेमरी दिली आणि ती नेहमीच्या 4 केबीच्या तुकड्यांत (त्यांना आम्ही पानं म्हणतो) वाटली, तर 1 कोटी 67 लाखांवर पानं होतात. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणी, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा प्रत्येक जण, त्या पानांची स्वतःची यादी ठेवते. सगळी पानं हाताळली तर एकेक यादी 128 एमबीची. पाचशे जोडण्या झाल्या की नुसत्या याद्यांनाच 62.5 जीबी लागतात, म्हणजे जवळजवळ धान्याइतकीच पोती डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची! तीच पानं 2 एमबीची केली की ती 32,768 उरतात. तू डाळी लहान लहान पुड्यांत न ठेवता मोठ्या डब्यांत भरतेस ना, तेच. सर्व्हर मोठा आहे तरी रांगतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच तपासायला लावते.

पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, पण भागतं. काळजी करू नका.

बाबा, एक काम आहे. आपल्या घरखर्चाच्या जुन्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवाल? तुमच्या अक्षरातली जमा-नावे मला पुढच्या बॅचला पडद्यावर दाखवायची आहे. आईचा गुडघा कसा आहे तेही कळवा. बॅच संपली की येतेच.

तुमची,
मनू