शेजारच्या घरातली शाळा

डिकेटर, जॉर्जिया

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर शेजारच्या मुलाचा विषय निघाला आणि बाबा, तुमचा आवाज चढला. ‘शाळा सोडवून पोरगं घरी बसवलंय?’ वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून तुम्ही पोरं पटावर आणलीत. तुम्हाला हे खुपणारच. पण त्या घराबद्दल तुमच्या मनात अढी राहू नये असं मला फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कुटुंब कृष्णवर्णीय आहे, मुलगा आठ वर्षांचा. आई नर्स आहे, रात्रपाळी करते आणि दिवसा त्याला घरीच शिकवते. पहिलीत असताना त्याला सारखं वर्गाबाहेर काढायचे. कारण काय, तर एका जागी बसत नाही, मोठ्यानं बोलतो. शेजारच्या बाकावरचा गोरा मुलगा तेच करायचा, पण त्याला नुसतं समजावून सांगायचे. हे एका घराचं रडगाणं नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचीच २०११-१२ ची आकडेवारी आहे: बालवाडीतल्या मुलांत कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के, पण एकाहून जास्त वेळा निलंबित झालेल्या मुलांत ती ४८ टक्के. बालवाडीतली मुलं, बाबा! तीन-चार वर्षांची.

या लोकांना शिक्षणाची किंमत नाही असं कुणी म्हणालं की माझ्या जिवाला लागतं. याच जॉर्जियात १८२९ साली कायदा झाला होता. गुलाम असो की स्वतंत्र, कुठल्याही कृष्णवर्णीयाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा. शिकवणारा स्वतः कृष्णवर्णीय असेल तर दंड, चाबकाचे फटके किंवा दोन्ही. तरीही सव्हाना शहरात वुडहाउस नावाच्या एक विधवा बाई आपल्या स्वयंपाकघरात पंचवीस-तीस मुलांना शिकवत. मुलं पुस्तकं कागदात गुंडाळून न्यायची, आणि फाटकातून एकेक करून आत शिरायची, म्हणजे कुणाला संशय नको. त्यांतलीच एक सुझी किंग टेलर. जन्म १८४८ चा, भिडे वाड्यातली शाळा उघडली त्याच सालचा. यादवी युद्धात चौदाव्या वर्षी ती सुटून आलेल्या गुलामांच्या मुलांची शिक्षिका झाली. आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच. तुम्ही आम्हाला ती अर्पणपत्रिका वाचून दाखवायचात.

पुढचं ऐकून तुम्हाला जास्त वाईट वाटेल. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं वर्णानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या, मुलं एकत्र यायला लागली, पण ती बहुतेक गोऱ्यांच्या शाळांत. कृष्णवर्णीयांच्या शाळांना कुलुपं लागली आणि तिथले हजारो शिक्षक, मुख्याध्यापक घरी बसले. मुलांना नावानिशी ओळखणारी, आई-बापांना बोलावून दटावणारी माणसं गेली.

कोविडमध्ये वर्ग पडद्यावरून घरात आला आणि आपल्या मुलाशी कसं बोललं जातं ते अनेक आयांना पहिल्यांदाच दिसलं. जनगणना विभागाच्या पाहणीत २०२० च्या वसंतात घरी शिकवणारी कृष्णवर्णीय कुटुंबं ३.३ टक्के होती, ऑक्टोबरात १६.१ टक्के. गोंधळाच्या काळातले आकडे आहेत ते, पण इतर कुठल्याही समाजात एवढी वाढ झाली नाही.

आणि ‘घरी बसवलंय’ म्हणजे मोकाट सोडलेलं नाही. राज्याला दरवर्षी लेखी कळवावं लागतं. १८० दिवस, रोज साडेचार तास, पाच विषय, वर्षाचा प्रगती अहवाल, आणि तिसरीपासून दर तीन वर्षांनी प्रमाणित चाचणी. त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी मी बसले आहे. मक्याच्या पिठाची मापं घेत अपूर्णांक चालले होते. पाऊण कपाच्या दुप्पट किती, हे पोरानं बोटांवर धरून बरोबर सांगितलं आणि लगेच उठून खोलीला एक चक्कर मारली. आई थांबली, तो परत आला, पुढचं गणित सुरू झालं.

मला सगळं पटतं असं नाही. तुमची नात सरकारी शाळेतच जाते आणि जाईल. जागरूक आई-बाप शाळेतून निघून गेले की मागे राहिलेल्यांसाठी भांडणार कोण, हा प्रश्न मी शेजारणीलाही विचारला. ती म्हणाली, शाळा सुधारेपर्यंत माझं मूल मोठं होऊन जाईल. यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. रात्रपाळी करून आलेली बाई दोन तास झोपून शिकवायला बसते. तिचा तो हक्क मी नाकारू शकत नाही.

दर शुक्रवारी अशा पाच-सहा घरांतली मुलं वाचनालयात एकत्र शिकतात. कुणाचे आजोबा सुतारकाम दाखवतात, कुणाची मावशी विज्ञान घेते. मी शेजारणीला आपल्या पावकी-निमकीच्या पाढ्यांबद्दल सांगितलं, तर तिनं विचारलंय, मे महिन्यात तुम्ही आलात की मुलांना शिकवाल का? मी परस्पर हो म्हटलेलं नाही. इंग्रजीची काळजी करू नका, मी शेजारी बसेन.

आई, बाबांनी होकार दिला तर पाऊणकी, सवायकी, दिडकी असलेली जुनी उजळणी मिळते का बघ आणि दोन प्रती बॅगेत टाक. आकडे इथल्या लिपीत मी उतरवून देईन.

तुमची,
शुभा