21 फुटांच्या रस्त्यासाठी 25 फुटी गाडी

पुणे, 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय : ठरलेली कॅम्पर व्हॅन न दिल्याबद्दल तक्रार आणि भरपाईची मागणी

महोदय,

मी, माझी पत्नी आणि डेन्व्हरला राहणारी आमची मुलगी अशा तिघांसाठी 6 ते 19 जुलै या काळात डेन्व्हर ते सिॲटल प्रवासाला कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, हवी होती. ती तुमच्यामार्फत ठरवली आणि भाड्याचे 3,48,000 रुपये मार्चमध्येच भरले. तुमच्या व्हाउचरवर गाडीची लांबी 19 फूट 7 इंच लिहिली आहे. डेन्व्हरच्या काउंटरवर आमच्या हाती जी गाडी ठेवली, ती मी मुलीच्या घरच्या टेपने मोजली. 25 फूट 3 इंच.

"फ्री अपग्रेड आहे," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. तुमच्या 24 तास चालू असलेल्या नंबरवर फोन केला, तर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "काका, त्याच पैशांत मोठी गाडी मिळाली, एन्जॉय करा!" लहान गाडी त्या दिवशी तिथे उरलीच नव्हती आणि मुलीची रजा मोजून चौदा दिवसांची. नाइलाजाने निघालो.

आता लांबीवरून एवढा वाद कशासाठी, ते सांगतो. सार्वजनिक बांधकाम खात्यात मी 34 वर्षे नोकरी केली, त्यातली निम्म्याहून अधिक घाटरस्त्यांवर. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला 'गोइंग टु द सन' रस्ता एकदा तरी पाहायचा, हे माझे जुने वेड. 1933 साली वाहतुकीला खुला झालेला हा रस्ता 6,646 फुटांवरच्या लोगन पासवरून डोंगररांग ओलांडतो. आधीच्या आराखड्यात पंधरा नागमोडी वळणे होती. ती टाळून कड्याच्या अंगाने रस्ता कोरत नेला आणि वळण ठेवले एकच, 'द लूप'. चढ साधारण सहा टक्के. आपल्याकडच्या घाटांत काम केलेल्या माणसालाच त्यातली गंमत कळेल. पूर्वेकडच्या सेंट मेरीच्या बाजूने चढायचे, वाटेत जागोजागी थांबत पश्चिमेला उतरायचे, असा आमचा बेत होता. तो तुमच्याच कार्यालयात, तुमच्याच नकाशावर आखला होता.

त्या रस्त्याच्या वरच्या टप्प्यात 21 फुटांहून लांब किंवा 8 फुटांहून रुंद गाडीला बंदी आहे. 10 फुटांहून उंच गाडीला पुढे आलेल्या खडकांचा अडथळा होतो, तो वेगळाच. हे गुपित नाही, पार्कच्या प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते. बुकिंगच्या वेळी मी हे तोंडी सांगितले होते आणि 14 मार्चच्या ईमेलमध्ये लिहूनही दिले होते. त्यावर तुमचे उत्तर होते, "नोटेड सर."

शेवटी आम्ही हायवे 2 ने मारियास पासवरून वळसा घालून पश्चिमेला आलो. पार्क फिरवून दाखवणाऱ्या लाल बसची तिकिटे संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्कच्या मोफत शटलच्या रांगेत उभा राहिलो. पत्नीचे गुडघे दुखतात, तिला रांगेत उभे राहणे जमले नाही. मुलगी तिच्याजवळ थांबली. एकटाच लोगन पासपर्यंत जाऊन आलो. शटल ठरलेल्या थांब्यांवरच थांबते. रस्त्याला आधार देणाऱ्या 'ट्रिपल आर्चेस' या तीन कमानींचे दगडी काम खिडकीतून क्षणभर दिसले, तेही समोरच्या प्रवाशाच्या टोपीआडून.

बाकीचे थोडक्यात. यलोस्टोनच्या मॅडिसन कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नसते आणि रात्री आठनंतर जनरेटर लावता येत नाही. तुमच्या गाडीची बॅटरी मध्यरात्री संपली, हीटरचा पंखा बंद पडला आणि पुण्याहून नेलेल्या दोन गोधड्यांवर आम्ही रात्र काढली. बोझमनच्या 'म्युझियम ऑफ द रॉकीज'मध्ये डायनासोरांचे सांगाडे मनसोक्त पाहिले, तिथे पार्किंगही ऐसपैस. त्याबद्दल तक्रार नाही. सिॲटलला मात्र भाच्याच्या चढाच्या गल्लीत गाडी शिरेना. ती लांब सशुल्क तळावर उभी करून बॅगा ओढत त्याच्या घरी गेलो. त्या धावपळीत 'म्युझियम ऑफ फ्लाइट'मधले काँकॉर्ड विमान बघायचे राहून गेले.

माझी मागणी अशी : भाड्याच्या चौथ्या हिश्श्याचे 87,000 रुपये, मोठ्या गाडीमुळे जास्त लागलेल्या पेट्रोलचे 215 डॉलर आणि सिॲटलच्या पार्किंगचे 64 डॉलर. पेट्रोलचा हिशेब, पावत्या, व्हाउचर, 14 मार्चचा ईमेल आणि गाडीला टेप लावलेला फोटो सोबत जोडला आहे. पुढच्या सहलीवरचे डिस्काउंट कूपन कृपया पाठवू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंत पैसे मोजलेल्या सेवेच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

आपला,
(सही)
नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक पाकिटावर